बायकोचा उजवा गुडघा

आमच्या हॉलमध्ये देवांच्या तसबिरी ज्या स्टँडवर आहेत, तो मी इथे चेन्नईत, गिंडीतल्या माझ्या शेडमध्ये स्वतः बनवला. चौकोनी पाइपचे चार पाय, वर सागवानी फळी, पाइपला छान पावडर कोटिंग. उंची माझ्या छातीपर्यंत. घरी पहिल्यांदा आलेला माणूस हात जोडतो आणि मग विचारतोच, की देव एवढ्या उंचावर का? बायको म्हणते, "ह्यांना विचारा." मी सांगतो की खालून झाडायला सोपं पडतं. हे धादांत खोटं आहे. माझ्या बायकोला खाली बसता येत नाही म्हणून देव वर गेलेत, आणि तिला खाली बसता येत नाही ते माझ्यामुळे.

मी मूळचा सांगलीचा. डिप्लोमा करून नोकरीसाठी इथे आलो तेव्हा ह्या शहराला मद्रास म्हणत. पुढे साहेबाशी वाजलं, नोकरी सोडली आणि इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक शेड भाड्याने घेतली. जुन्या मशिनी दुरुस्त करण्याचं काम: लेथचे स्पिंडल, गिअरबॉक्स, ग्राइंडर. बायको मात्र इथलीच. तिचं माहेर तंजावरी मराठी, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं, पण सांगलीच्या माणसाला ऐकताना पहिल्यांदा दोनदा विचार करावा लागेल अशी ती मराठी. लग्नानंतर मी तिच्या मराठीला हसायचो, ती माझ्या तमिळला हसायची. तिच्याकडे हसायला जास्त माल होता.

दर शुक्रवारी दुपारी तिच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या चार-पाच बायका कुणा एकीच्या घरी जमतात आणि जुनी मराठी पदं म्हणतात. चाली दक्षिणेतल्या, शब्द मराठी. झांजा माझ्या बायकोच्या हातात असतात आणि पद तीच उचलते. जमिनीवर चटया, भिंतीशी देवांच्या तसबिरी, शेवटी सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आणि कॉफी. ह्या बैठकीचा एक नियम आहे. तो कुणी कुणाला शिकवलेला नाही, पण मोडलेलाही नाही. देवाच्या तसबिरीपेक्षा उंच बसायचं नाही, देवाकडे पाय करायचे नाहीत, आणि आपल्याहून मोठी बाई खाली बसली असेल तर आपण खुर्चीवर बसायचं नाही. त्यांच्यातली सगळ्यांत वडील बाई ऐंशीच्या पुढची आहे आणि अजून मांडी घालून दोन-दोन तास बसते. त्यामुळे खुर्चीचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

मी त्या वेळी बहुधा शेडवर असायचो. घरी असलो तर आतल्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन झोपायचो, आणि आवाज वाढला की दार लावून घ्यायचो. माझ्या लेखी तो बायकांचा वेळ घालवण्याचा प्रकार होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्यात आहे.

तिचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा आम्ही सगळे करतात ते सगळं केलं. केरळचं तेल झालं, पट्टा झाला, शेक झाला, इंजेक्शनं झाली. मग जिना उतरताना ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरायला लागली. शेवटी मी तिला एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, उत्साही, तमिळ आणि इंग्रजीची भेसळ करत भरभर बोलणारे. त्यांनी स्क्रीनवर एक्स-रे लावला आणि पेन घेऊन समजावायला सुरुवात केली.

गुडघ्यात तीन खण असतात, ते म्हणाले. आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीच्या मागचा. अम्मांचा आतल्या बाजूचा खण पार झिजला आहे, हाडावर हाड आलंय. बाहेरचा खण चांगला आहे. वाटीच्या मागे थोडी सुरुवात आहे. आतले लिगामेंट शाबूत आहेत. म्हणजे दोन रस्ते आहेत. एक, फक्त झिजलेली आतली बाजू बदलायची, पार्शल. छेद लहान, बाकीचा गुडघा स्वतःचाच राहतो, लवकर उठून चालता येतं, आणि वाकवताना तो आपलाच वाटतो. पण उरलेला भाग पुढे झिजला तर पुन्हा ऑपरेशन करून पूर्ण बदलावा लागू शकतो. दुसरा रस्ता टोटल, सगळे सांध्याचे पृष्ठभाग काढून नवीन बसवायचे. ऑपरेशन मोठं, व्यायामाला जास्त दिवस, गुडघा जरा परका वाटतो, पण पुन्हा उघडायची वेळ येण्याची शक्यता कमी.

मी पुढे सरकून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा एखादा डॉक्टर माझ्या भाषेत बोलत होता. मी विचारलं, धातू कुठला? कोबाल्ट-क्रोम, ते म्हणाले, खाली टायटॅनियम, मध्ये पॉलिथिलीन. मग झीज त्या पॉलिथिलीनचीच होणार, मी म्हणालो. बरोबर, सर! डॉक्टर खूश झाले. मी फिनिशबद्दल विचारलं, बसवताना सिमेंट लावता की प्रेस-फिट, म्हणजे नुसतं ठोकून बसवता, ते विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून नमुन्याचा सांधा काढून माझ्या हातात दिला. तो हातात फिरवताना, खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. बायको मागे तपासणीच्या टेबलावर साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन बसली होती, तिला तशीच बसायला सांगून आम्ही दोघे विसरलो होतो.

मग डॉक्टरांना आठवण झाली. त्यांनी तिच्याकडे वळून तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, रोजचं काय काय करता? गुडघ्याकडून तुम्हाला काय काय करून घ्यायचंय?"

उत्तर मी दिलं. चालणं, जिना, देऊळ, बाजार, नेहमीचंच सगळं. आमच्या घरात असंच चालायचं. बँकेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत प्रश्न तिला विचारला तरी उत्तर मी देणार, आणि माझी तमिळ तिच्या निम्म्यानेही चांगली नसताना तमिळमध्ये देणार. तिला त्याची इतकी सवय झाली होती की तिने तोंड उघडलंसुद्धा नाही. शुक्रवार मला आठवला नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. आठवला होता. पण ती काही सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही.

डॉक्टर म्हणाले, मग दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा. तेव्हा ती मागून मराठीत मला म्हणाली, "चांगलं आहे ते असूं दे की. उगीच कशाला काढायचं?"

मी हसलो. मागे वळून, हातातला तो सांधा दाखवत हसलो. म्हणालो, "अगं, गिअरबॉक्स एकदा उघडला की सगळी बेअरिंगं बदलायची असतात. एक बदलून तीन जुनी ठेवली की सहा महिन्यांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात."

हा माझ्या धंद्यातला नियम आहे आणि धंद्यात तो शंभर टक्के बरोबर आहे. बेअरिंग स्वस्त असतं, मशीन बंद ठेवणं महाग असतं. म्हणून चांगलं असलेलंही काढायचं. ह्या नियमावर मी शेड उभी केली, ह्याच नियमापायी कितीतरी गिऱ्हाइकांशी भांडलो आणि शेवटी त्यांनी मानलं की मी बरोबर होतो. तिने चाळीस वर्षं मला अशा भांडणांत जिंकताना पाहिलं होतं. मिक्सर, पंखे, पंप, स्कूटर, काहीही बिघडलं की ती मलाच विचारायची आणि मी सांगेन ते करायची. तिने गुडघाही त्यातच धरला. "सरी," ती म्हणाली. म्हणजे ठीक आहे. आणि साडी खाली सोडली.

त्या नियमाआड आणखी एक गोष्ट होती, ती मी डॉक्टरांना सांगितली नाही आणि स्वतःलाही नाही. मी घाबरलो होतो. ऑपरेशनच्या दाराबाहेर बसणं मला दोनदा नको होतं. पार्शल म्हटलं की पुढे कधीतरी पुन्हा तेच, तेव्हा माझं वय काय असेल, मी असेन की नसेन, मुलीला रजा मिळेल की नाही. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. म्हणजे मशीन कुणाचं बंद राहणार होतं आणि ते किती महाग पडणार होतं, हा हिशेब मी माझ्या बाजूने मांडला होता.

ऑपरेशन उत्तम झालं. ह्यात काही वाकडं सांगण्यासारखं नाही, आणि माझी अडचण तीच आहे. डॉक्टर चांगले, टाके नीट भरले, कसला संसर्ग नाही. पहिले काही आठवडे वाईट गेले. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, ती गुडघा वाकवायची आणि बायको ओठ मिटून छताकडे बघायची. मी शेडवरून कोन मोजायचं माझं प्रोट्रॅक्टर आणलं होतं. रोज संध्याकाळी तिच्या मांडीला आणि पोटरीला ते लावून आज किती वाकला ते जाहीर करायचो. एकदा ती म्हणाली, "पोदुम. लोखंड थंड लागतं." पोदुम म्हणजे पुरे. मग मी ते परत नेलं.

गुडघा काटकोनाच्या बराच पुढे गेला आणि थांबला. डॉक्टर म्हणाले, फार छान, ह्याहून जास्त लागत नाही. खरंच लागत नव्हतं. दुखणं संपलं होतं. ती जिना चढायची, देवळात जायची, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत यायची. शेजारच्या मामी मला अडवून सांगायच्या, तुम्ही योग्य वेळी योग्य केलंत हो. सांगलीहून भावाचा फोन आला, तिथल्या कुणाला करायचं होतं, अर्धा करावा का पूर्ण, तू काय केलंस? मी अर्धा तास त्याला धातूंची माहिती दिली.

ती पुन्हा शुक्रवारी बसायला लागली तो पहिला शुक्रवार आमच्याच घरी होता. मी मुद्दाम घरी थांबलो होतो, कौतुक बघायला म्हणा. बायका चटयांवर बसल्या. मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून त्यांच्या घोळक्यात ठेवली आणि बायकोला म्हणालो, बस.

ती बसली नाही. झांजा हातात घेऊन उभी राहिली. त्या वडील बाई खालून म्हणाल्या, "बस गो, काय होत नाही. देवाला ठाऊक आहे तुझा गुडघा." बाकीच्यांनीही आग्रह केला. ती खुर्चीच्या टोकावर कशीबशी टेकली, सगळ्यांच्या डोक्यांवर, तसबिरींच्या वर, पाय कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखी. पद तिने उचललं खरं, पण आवाज खाली पडला. दुसऱ्या पदाला तिने झांजा शेजारणीकडे दिल्या. कॉफी करायला म्हणून आत गेली ती सगळं संपेपर्यंत आतच राहिली. मी आत गेलो तर दूध कधीच उकळलेलं होतं आणि ती नुसती ओट्याशी उभी होती.

"अगं, खुर्चीत काय वाईट आहे?" मी विचारलं.

"काय नाही. कलेक्टरसारखं वाटतं." आणि हसली.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर जाऊन पाइप कापले. ती खाली येऊ शकत नाही तर देव वर जातील, इतकं साधं. वेल्डिंग स्वतः केलं, कडा स्वतः घासल्या. आठवड्याभरात स्टँड घरी आला. पुढच्या खेपेला देव उंचावर, बायको खुर्चीवर, उंचीचा नियम पाळला गेला. पण खाली बसलेल्या बायकांना देव बघायला माना वर कराव्या लागत होत्या, आणि त्या वडील बाईंना मानेचा त्रास. त्यांनी दोन पदं म्हटली आणि मान चोळत म्हणाल्या, पुढल्या वेळी माझ्या घरी करूं. मग मी सगळ्यांसाठी खुर्च्या आणायचा बेत काढला. बायको म्हणाली, "तुम्ही उगे राहा हो." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मी उगा राहिलो. तिने शुक्रवारी जाणं कमी केलं. आज ऊन आहे, आज पाहुणे आहेत, आज कंटाळा आला. हळूहळू कुणी बोलवायचंही थांबलं. तसबिरी मात्र वरच राहिल्या.

एका दुपारी इस्टेटमधली वीज गेली, जनरेटरही रुसला, म्हणून मी लवकर घरी आलो. किल्लीने दार उघडलं. हॉलमध्ये चटई पसरलेली होती आणि बायको चटईवर बसली होती. पलंग धरून, भिंत धरून, कशी खाली गेली कोण जाणे. डावा पाय मोडलेला, उजवा सरळ लांब पसरलेला. तो लांब पाय देवाकडे होऊ नये म्हणून ती सबंध तिरकी फिरून बसली होती, तोंड बाल्कनीकडे. हातात झांजा होत्या, पण वाजवत नव्हती. मला बघून तिने त्या पदराखाली घेतल्या.

"उठता येत नाही," ती म्हणाली. "तुमची वाट बघत होते."

किती वेळ बघत होतीस, हे मी विचारलं नाही. काखेत हात घालून तिला उठवलं. ती जड नव्हती. उभी राहिल्यावर तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "जेवण झालं की?" मी हो म्हणालो, जेवलो नव्हतो तरी. मग मी आत जाऊन शर्ट बदलायच्या निमित्ताने बराच वेळ काढला.

त्या दिवसानंतर माझ्या मनात एक गोष्ट बसली, ती जात नाही. बाहेरच्या बाजूचा तो खण चांगला होता. एक्स-रेमध्ये मी स्वतः बघितला होता. माझ्या शेडमध्ये चांगली निघालेली बेअरिंगं मी फेकत नाही, ग्रीस लावून डब्यात ठेवतो, कुठेतरी उपयोगी पडतात. तिच्या गुडघ्यातली ती चांगली बाजू, ते शाबूत लिगामेंट, दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीतून कुठे गेलं असेल ते गेलं. साठ-बासष्ट वर्षं ते तिच्याबरोबर होतं. ते असूं दे, असं तिने म्हटलं होतं, तिच्या मुलायम मराठीत, मागच्या टेबलावरून. आणि मी हसलो होतो.

पार्शल केलं असतं तर ती खाली बसलीच असती का, हे मी डॉक्टरांना नंतर विचारलं. एकटाच गेलो होतो, तिच्या औषधाचं निमित्त काढून. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, खात्री कुणीच देणार नाही, जमिनीवर बसायला मी कुणालाच उत्तेजन देत नाही. पण पार्शलवाल्या बऱ्याच जणांना जमतं, टोटलवाल्यांना कमी. मग म्हणाले, अम्मा खाली बसतात हे तेव्हा माहीत असतं तर मी त्याबद्दल बोललो असतो, सर. त्यांनी हे दोष देण्यासाठी म्हटलं नाही. ते घड्याळ बघत होते, बाहेर पेशंट खोळंबले होते. मी औषधाची चिठ्ठी घेऊन निघालो आणि रिक्षा न करता सैदापेटपर्यंत उन्हात चालत गेलो. स्वतःला दिलेली ही शिक्षा असावी, पण तिच्या पदरात त्यातून काय पडलं?

मुलीला मी एकदा फोनवर हे सगळं सांगितलं. ती बंगळुरात असते, माझ्यावर गेली आहे, म्हणजे तोंडाने फटकळ. म्हणाली, "अप्पा, तो अम्माचा गुडघा होता. तुमचा गिअरबॉक्स नव्हता." मग म्हणाली, "तुम्ही तिला सॉरी म्हणालात का?" मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणजे काय, ती म्हणाली. मी फोन ठेवला.

सॉरी म्हणायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा भाजी चिरताना तिच्यासमोर बसून म्हणालो, "तुझं ऐकायला पाहिजे होतं." तिने विचारलं, कशाचं? मी म्हणालो, गुडघ्याचं. ती म्हणाली, "परवायिल्ले. आता दुखत नाही की." काही हरकत नाही म्हणे. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी स्वतः रागीट आहे, रागाची भाषा मला कळते, रागाला उत्तर देता येतं. हे परवायिल्ले घेऊन मी कुठे जाऊ?

यंदा तिचा डावा गुडघा दुखायला लागला.

तिने बरेच दिवस लपवलं. मला कळलं ते जिन्यावर, ती पुन्हा एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरायला लागली तेव्हा. मी अपॉइंटमेंट घेतली. आणि खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी बरं वाटलं. बायकोचा दुसरा गुडघा बिघडला आणि नवऱ्याला बरं वाटलं, असा माणूस मी आहे. कारण ह्या वेळी मला संधी होती. मी पुष्कळ वाचलं. कुणाला पार्शल चालतं, कुणाला चालत नाही, सगळं पाठ केलं. मनोमन ठरवलं की डॉक्टरांनी तिला काही विचारलं तर मी जीभ दातांखाली धरायची, आणि पार्शल शक्य असेल तर पार्शलच करायचं, मग पुढे काहीही होवो. पुन्हा बसावं लागलं दाराबाहेर तर बसेन.

तेच डॉक्टर, तोच स्क्रीन. ते एक्स-रे बघून खूशच झाले. हा तर पहिल्यापेक्षा सरळ आहे, ते म्हणाले. फक्त आतली बाजू गेली आहे, वाटीमागे काही नाही, लिगामेंट उत्तम. मी स्वतः पार्शल सुचवेन. मी बायकोकडे बघून मान डोलावली, हो म्हण अशी.

डॉक्टरांनी ह्या वेळी खुर्ची तिच्याकडे वळवली. मला वाटतं, माझी ती एकट्याने केलेली फेरी त्यांच्या लक्षात होती. त्यांनी तमिळमध्ये तिला दोन्ही रस्ते पुन्हा समजावून सांगितले, सावकाश, आणि विचारलं, "अम्मा, तुम्हाला काय वाटतं?"

मी गप्प बसलो. खरोखर गप्प बसलो.

ती थोडा वेळ स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांकडे बघत होती. मग तमिळमध्ये, अगदी स्पष्ट, म्हणाली की पूर्ण बदला. उजव्यासारखाच.

डॉक्टरांना नवल वाटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, पार्शलमध्ये चांगला भाग वाचेल, वाकेल जास्त, तुम्ही खाली बसता ना? मलाही राहवलं नाही. मी मराठीत म्हणालो, "अगं, ते स्वतः अर्धा म्हणतायत. ऐक ना. ह्या वेळी माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी कर."

ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. मुलांना आपण एखादी गोष्ट समजावतो तशी, मराठीत, फक्त माझ्यापुरती म्हणाली, "एक पाय मोडतो आणि एक लांब राहतो, असं मी बसून बघितलं की. देवापुढे बसता येत नाही तसं. मांडीला दोन गुडघे लागतात हो. एक गेला तेव्हाच माझं बसणं गेलं. आता हा चांगला ठेवून काय करूं?"

ऑपरेशन तिच्या उजव्या गुडघ्याचं झालं होतं, पण डाव्याचंही मी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, तो नमुन्याचा सांधा हातात फिरवत.

डॉक्टर आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. मराठी त्यांना येत नाही. शेवटी त्यांनी मला विचारलं, "सर, अम्मा काय म्हणाल्या?"

तिने पर्स उघडून रुमाल शोधायला घेतला. तमिळ तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगली येते, पण ती सांगणार नव्हती. हे सांगणं तिने माझ्यावर सोडलं होतं.

"दोन्ही सारखे असलेले बरे, असं ती म्हणते," मी माझ्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, तसाही विचार करतात काही लोक, आणि त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं.